समुद्र खिडकीतून दिसत नाही

हजरत निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेस भल्या सकाळी सुटते. मथुरा, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ असं करत दिवसभर तापलेल्या मुलखातून धावते आणि रात्रीत खानदेश ओलांडून दुसऱ्या दिवशी कल्याण-पनवेल गाठते. पहाडगंज-करोलबागेतल्या जुन्या मराठी कुटुंबांना आणि नोएडा-गुरुग्रामच्या नव्या बिऱ्हाडांना कोकणात नेणारी ही गाडी. रोहा मागे पडलं की कोकण रेल्वेची हद्द लागते, डब्यातली दिल्लीची पोरं खिडकीला चिकटतात आणि विचारत राहतात: समुद्र कुठाय?

समुद्र दिसत नाही. सावित्री दिसते, चिपळूणला वाशिष्ठी दिसते, संगमेश्वराकडे शास्त्री. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा येतो आणि बराच वेळ तर काहीच दिसत नाही. 26 जानेवारी 1998 रोजी हा मार्ग पूर्ण खुला झाला. महाराष्ट्रात तो किनाऱ्यापासून आत, नद्या ओलांडत आणि डोंगर पोखरत जातो. समुद्र हवा असेल, तर स्टेशनावर उतरून खाली जावं लागतं.

दिल्लीकराला समुद्र म्हटलं की गोवा आठवतो आणि मुलगा-सून अमेरिकेत असतील तर कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेला हायवे वन धरायचा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला पॅसिफिक. माँटेरेचं मत्स्यालय बघायचं, 1932 सालच्या बिक्सबी पुलाच्या कमानीसमोर फोटो काढायचा. सुंदरच आहे ते सगळं. पण तो किनारा गाडीत बसून बघता येतो, कोकणाचं तसं नाही. इथे दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची योजना कित्येक वर्षांची, तरी आजही दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला जायचं तर मोटार फेरीबोटीवर चढवावी लागते. बोट पलीकडच्या काठाला असेल तर थांबायचं. चहा घ्यायचा, जाळी विणणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. हे थांबणं प्रवासात मोजायलाच हवं. घाईने पाहिलेलं कोकण म्हणजे नुसती वाळू आणि नारळ.

रत्नागिरीत दिल्लीकराने एक जागा चुकवू नये. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग 1886 मध्ये रत्नागिरी. राजवाडा तयार झाला तो 1910 साली. चिरा, विटा, उतरती छपरं, नक्षीदार लाकूडकाम. इतक्या वर्षांनी मिळालेल्या या घरात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला आणि त्याची समाधीही याच गावात आहे. राणी सुपयालत पुढे मायदेशी परतली, पण थोरल्या राजकन्येचा वंश रत्नागिरीचाच होऊन राहिला.

आता याची दुसरी बाजू दिल्लीत बघता येते. मेहरौलीत, कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून जफर महाल आहे. आतल्या संगमरवरी आवारात शाह आलम आणि अकबरशहा यांच्या कबरींमध्ये थोडी मोकळी जागा आहे. ती बहादूरशहा जफरने स्वतःसाठी राखली होती. 1857 नंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला धाडलं आणि 1862 मध्ये तो तिथेच गेला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशच्या मातीत, ब्रह्मदेशचा राजा कोकणच्या मातीत. 2012 च्या मे महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रंगूनला जफरच्या मजारीचं दर्शन घेतलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीपाशी आले. मेहरौलीची ती रिकामी जागा पाहिलेल्या माणसाला रत्नागिरीच्या वाड्यात वेगळंच काही उमगतं. म्हणून मुलांना कोकणात नेण्याआधी एका रविवारी मेहरौलीला न्यावं.

मालवणला सगळेच जातात आणि जावंच. 1664 मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग उभारायला घेतला, तीन वर्षांत तो उभा राहिला. तटाच्या आत महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये हा आहे आणि विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे त्याचे सोबतीही आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढं लक्षात ठेवावं.

पण ज्याच्याकडे एकच सुट्टी आहे आणि ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काढता येते, त्याने वेळास निवडावं. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव, नाना फडणविसांचं. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालतात. पूर्वी ती चोरीला जात, कुत्री-कोल्हे उकरून खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात हलवायची, वर टोपली पालथी घालायची आणि दीडेक महिन्यानंतर सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. पिल्लू तळहातात मावेल एवढं, वाळू लागलेलं, काळपट. त्याला उचलून पाण्यात सोडत नाहीत. थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात आणि ते आपलं आपण लाटेकडे चालत जातं. लोक दोरीमागे उभे असतात. मधेच एखादं पिल्लू उलट दिशेला वळलं की सगळ्यांचा जीव खालीवर होतो.

गावात हॉटेलं नाहीत म्हटलं तरी चालेल. घरगुती उतरायची सोय असते, ओसरीवर पंगत बसते, ताटात घरचं जेवण. एखाद्या सकाळी टोपलीखाली काहीच नसतं. तसं झालं तर संध्याकाळपर्यंत जवळच्या बाणकोटच्या किल्ल्यावर जाऊन यावं. तिथून सावित्रीचं मुख दिसतं आणि पलीकडच्या काठाला हरिहरेश्वर. हाताशी आणखी एक दिवस असेल तर वेसवीहून फेरीने बागमांडल्याला उतरून तेही करता येतं.