फाईल लागलेलं स्थळ

माझ्या लग्नाच्या वेळी अमरावतीहून आलेल्या बायोडाटात शिक्षण, नोकरी, उंची, नाडी-गण सगळं ओळीनं होतं. शेतीपुढे लिहिलं होतं, दर्यापूर तालुक्यात बारा एकर. आणि सर्वांत खाली, मागाहून सुचल्यासारखी, वेगळ्या शाईत एक ओळ: मुलाची अमेरिकेची फाईल लागलेली आहे. साल 2007. अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी मामांनी ती ओळ दोनदा वाचली. दर्यापूरकडची जमीन म्हणजे खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारट, ओलिताची आशा नाही, सगळं आभाळावर. ही उणीव त्या एका ओळीनं भरून निघत होती. ‘‘वावर कोरडवाहू हाय, पण फाईल हाय न,’’ मामा म्हणाले आणि स्थळ पसंत पडायला सुरुवात झाली.

फाईल लावली होती माझ्या नणंदेनं. आक्का लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, यथावकाश तिकडची नागरिक झाली आणि 2006 च्या दिवाळीनंतर तिनं धाकट्या भावासाठी अर्ज भरला. अमेरिकेच्या नागरिकाला आपल्या भावा-बहिणीला कायमचं बोलावून घेता येतं. सोबत त्याची बायको आणि एकवीस वर्षांच्या आतली अविवाहित मुलं. ही सोय 1965 च्या कायद्यानं रुंदावली. अध्यक्ष जॉन्सन यांनी 3 ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून त्यावर सही केली. त्याआधी हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता, तोही 1946 पासून. नात्यागोत्याला या कायद्यात एवढा मान मिळाला, त्यामागचा हिशेब मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत वस्ती मुख्यतः युरोपातल्या लोकांची, तेव्हा भाऊबहीण बोलावतील ते युरोपातूनच, रंगरूप काही बदलायचं नाही, अशी काही खासदारांची अटकळ होती. दर्यापूरच्या लेकीबाळी त्यांच्या हिशेबात नव्हत्या.

भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला 65 हजार व्हिसा. त्यात भावाची बायकापोरंही मोजायची. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या 7 टक्क्यांवर जाता येत नाही. लहानशा बेटाला जी मर्यादा तीच आपल्या खंडप्राय देशाला. म्हणून आपली रांग लांब. अर्ज मंजूर होणं वेगळं आणि नंबर लागणं वेगळं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा सासूबाईंनी अंबादेवीला खणानारळानं ओटी भरली होती. देवीनं ती शांतपणे ठेवून घेतली.

नंबर कुठवर आला हे कळायला अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं. भारतातल्या भावंडांपुढे त्यात एक तारीख असते. तुमचा अर्ज त्या तारखेआधीचा असेल तर तुमची पाळी. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत ऐकायला शेतकरी गोळा होतात, तसा हा तक्ता आमच्याकडे वाचला जायचा. सासऱ्यांचा भेंडवळवर जेवढा विश्वास तेवढाच यावर, आणि शंकाही तेवढ्याच. कधी तारीख दोन-तीन आठवडे पुढे सरकायची, कधी महिनोन्महिने तसूभर हलायची नाही, तर कधी चक्क मागे जायची. हे शेवटचं सासऱ्यांना मरेपर्यंत पटलं नाही. ‘‘तारीख मांगं कशी जाते बाप्पा? दिवस मांगं जाते काय?’’

माझ्या मते त्या तारखेपेक्षा घरावर जास्त राज्य केलं ते ‘आता कशाला’ या दोन शब्दांनी. ओट्याचा कडप्पा तडकला, आता कशाला बदलायचा. गच्चीवर एक खोली चढवावी, आता कशाला. ह्यांना यवतमाळला बढतीवर जायची संधी आली, आता कशाला उगाच बिऱ्हाड हलवा. पोरीला मात्र कॉन्व्हेंटातच घातलं, कारण तिकडे इंग्रजी लागेल. अकोल्याला माझी आई दर उन्हाळ्यात ज्वारीचे पापड जरा जास्त घालायची, ‘‘यंदा गेल्या त संग देता येईन’’ म्हणून, आणि दिवाळीपर्यंत ते आम्हीच तळून खायचो. खरं सांगायचं तर या फाईलीचा मला पुष्कळ उपयोग झाला. नको असलेला प्लॉट, नको असलेली भिशी, नको असलेले पाहुणे, सगळ्यांना एकच उत्तर होतं. वाट पाहणाऱ्या माणसाला निर्णय घ्यावे लागत नाहीत, हे सुख थोडंथोडकं नसतं.

मंजुरीच्या आधी एक पत्र आलं होतं: हे दोघं सख्खे बहीणभाऊ कशावरून? दोघांच्या जन्मदाखल्यांवर तेच आईबाप दिसले पाहिजेत. ह्यांचा दाखला ग्रामपंचायतीत मिळाला. आक्का 1964 ची. तेव्हाचा जन्म शोधायचा तर तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक उघडायचं. मी ह्यांच्यासोबत गेले होते. खोलीत लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांचे ढिगारे, एका फडक्यावर खडूनं गावाचं नाव. कारकुनानं ह्यांना नखशिखांत न्याहाळून विचारलं, ‘‘जातीसाठी काय?’’ आमच्याकडे कोतवाल बुक उघडतात ते बहुतेक जात पडताळणीसाठीच. हे म्हणाले, ‘‘नाही, बहिणीसाठी.’’ कारकुनाच्या नोकरीत अशी मागणी पहिलीच असावी. त्यानं खुर्ची ओढून आम्हाला बसायला दिलं.

पानं इतकी कडक झालेली, की उलटताना कडा मोडून टेबलावर भुगा पडत होता. नोंद सापडली. तारीख, गाव, बापाचं नाव, जात, सगळं होतं. मुलाच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’. बरोबरच होतं म्हणा. कोतवालानं जन्म झाला तेव्हा लिहून नेलं, बारसं बाराव्या दिवशी, आणि नाव काय ठेवलं हे विचारायला कोतवाल परत कशाला येतो? सासऱ्यांच्या नावातला ‘राव’ गळालेला, आजेसासऱ्यांच्या नावाआधी ‘वल्द’ चिकटलेलं. मग ती मुलगी म्हणजेच आक्का, आणि राव नसलेला तो बाप म्हणजेच पासपोर्टावरचे सासरे, हे सिद्ध करायला जिल्हा परिषदेच्या शाळेची टी.सी., नावाची नोंद नसल्याचा दाखला आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. त्यातल्या एका आजीनं अंगठा उठवण्याआधी नोटरीला सुनावलं, ‘‘म्या नाळ कापली तिची. अजून काय लिहून पाह्यजे तुले?’’ ते वाक्य स्टँप पेपरवर यायला हवं होतं. नोटरीनं ‘मी तिला जन्मापासून ओळखते’ एवढंच घातलं.

अर्ज लागलेला असला की पाहुणा म्हणून जाणंही अवघड होऊन बसतं, हे पुढे समजलं. आक्काच्या मुलीचं लग्न न्यू जर्सीत ठरलं. प्रवासी व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुमच्यासाठी कोणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे का? हो लिहिलं, की हा माणूस परत येणार नाही असा संशय यायला जागा. एजंट म्हणाला, फी वाया जाईल. मामानं भाचीचं कन्यादानाचं ताट इथूनच, लॅपटॉपसमोर धरलं. कायमचं बोलावणं होतं म्हणून चार दिवसांचं हुकलं.

मग 2017. भावंडांची सोयच रद्द करावी असं विधेयक अमेरिकेच्या सिनेटमध्ये आलं. ऑगस्टमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याची पाठराखण केली. विधेयक मांडणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव टॉम कॉटन. सासऱ्यांनी जन्मभर पऱ्हाटीच पेरली होती. पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, ‘‘तिथंबी कापसानंच मारलं का आपल्याले!’’ ते विधेयक बारगळलं. पण त्यांच्या बोलण्यात इतिहास होता. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला लढाई संपली नि भाव कोसळला. अमेरिकेतल्या बातमीवर दर्यापूरचं वावर तेव्हापासून हलतं आहे.

2020 च्या मार्चमध्ये जगभरच्या अमेरिकी वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं. 22 एप्रिलला ट्रम्प यांनी नव्या स्थलांतरितांना 60 दिवस बंदी केली; पुढे ती लांबतच गेली. आमचा नंबर तसाही दूर होता, तक्त्यावर 2005 रेंगाळत होतं. त्याच एप्रिलमध्ये आक्का आजारी पडली. न्यू जर्सीतले आकडे तेव्हा रोज टीव्हीवर येत. ती दवाखान्यात, जावईबुवा घराच्या वरच्या मजल्यावर एकटे कोंडलेले, आणि इथे आम्ही फोन मध्ये ठेवून त्याच्याभोवती बसलेले. अर्जदार गेला की सहसा अर्जही संपतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. ते शेवटी तिनंच उच्चारलं. धाप लागत होती. ‘‘मले काई झालं त फाईल बंद पडते म्हणे. वकिलाले विचारून घेजो.’’

सासऱ्यांनी फोन हातात घेतला. ‘‘चुलीत घाल थे फाईल,’’ एवढंच म्हणाले आणि फोन माझ्या हाती देऊन अंगणात गेले.

आक्का बरी झाली. सासरे त्यानंतरच्या फेब्रुवारीत गेले. अमरावतीत दुसरी लाट राज्याच्या आधी पोचली होती. 22 फेब्रुवारी 2021 च्या रात्री आठपासून शहर आणि अचलपूर बंद झालं आणि 24 तारखेला अध्यक्ष बायडेन यांनी स्थलांतरितांवरची बंदी उठवली. अमेरिका उघडली त्या आठवड्यात आम्हाला राजकमल चौकापर्यंत जाता येत नव्हतं. आक्कानं बापाचे दिवस फोनवर पाहिले. बहिणीभावाची ताटातूट नको म्हणून केलेल्या कायद्याच्या रांगेत आम्ही उभे होतो, आणि बापाच्या मातीला ती दोघं एका ठिकाणी नव्हती. याबद्दल राग मला कायद्याचा येत नाही, कोणाचाच येत नाही. येतो तो एवढाच, की त्या रांगेच्या भरवशावर आम्ही आधीची किती वर्षं एकमेकांकडे जायचं टाळलं. ‘आता कशाला, कायमचंच तर जायचं आहे.’

जून 2022 मध्ये माझ्या माहेर-सासरच्या मधल्या रस्त्यानं जागतिक विक्रम केला. अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधी कित्येक वर्षं त्या रस्त्यानं आमची हाडं खिळखिळी केली होती आणि ठेकेदार पळून गेले होते. तेव्हापासून कोणी मला ‘तुमचं अमेरिकेचं काय झालं’ असं विचारलं, की मी रस्त्याकडे बोट दाखवते. आपल्याकडे काय केव्हा होईल याचा नेम नाही.

अकोल्याच्या आमच्या ओळखीच्या एका घराचा नंबर लागला. तोवर मोठा मुलगा एकवीस ओलांडून गेलेला. अर्ज मंजुरीसाठी पडून होता तेवढा काळ मुलाच्या वयातून वजा करायची सवलत 2002 च्या एका कायद्यानं दिली आहे, तरी काही महिने कमी पडले. आईबाप आणि धाकटी गेली, मोठा पुण्यात राहिला. आता आई टेक्सासमधून त्याच्यासाठी अर्ज करणार. म्हणजे नवी फाईल.

आमची तारीख आता दाराशी आली आहे. 2024 मध्ये तक्ता 2006 मध्ये शिरला, आणि घरात जो आनंद व्हायचा तो झाला नाही. मुंबईला वैद्यकीय तपासणी, लसी, पोलिसांचा दाखला, मग मुलाखत. हे पन्नाशीला टेकलेले. तिकडे कोणती नोकरी मिळेल याचा विचार रात्री दोन वाजता करतात. पोरगी बारावीला आहे, तिला त्या वय वजा करायच्या सवलतीची गरजही पडणार नाही, पण ती म्हणते, मला जायचं असेल तर मी शिकायला जाईन, तुमच्या मागे नाही. ओट्याला आम्ही गेल्या वर्षी ग्रॅनाईट बसवला. कोणी ‘आता कशाला’ म्हणालं नाही.

आणि आक्काला परत यायचं आहे. 2006 च्याच जानेवारीत आपल्या सरकारनं हैदराबादच्या प्रवासी मेळाव्यात ओसीआय कार्डाची योजना सुरू केली होती. आक्कानं ते कार्ड कधीच काढून ठेवलं. हवं तेव्हा यावं, हवं तेवढं राहावं, व्हिसा नको. रांग फक्त या बाजूनं आहे. जावईबुवा निवृत्त झाले, हिवाळे सोसत नाहीत, आणि बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं, हे तिला आमच्याआधी माहीत होतं. तिला भावाच्या वाट्याचे चार एकर विकत घ्यायचे होते. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बापाकडून आली तर चालते, असं वकिलानं सांगितलं. मग फ्लॅट. ‘‘कठोरा नाक्याकडं पाहजो, तळमजला भेटला त बरं, माये गुडघे गेले.’’

रविवारी हे फ्लॅट पाहायला गेले. बिल्डरला आक्काचं ओसीआय कार्ड आणि पॅन एवढंच पाहिजे होतं. ह्यांनी तरी अख्खी फाईल नेली होती. बिल्डरनं चहा सांगितला आणि हे त्याला एकेक कागद काढून दाखवत बसले: कोतवाल बुकाची नक्कल, टी.सी., दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं.