शक

धाकट्या बहिणीला सातवा महिना होता. नाजूक जागी चामखिळी आल्या. डॉक्टरीणबाईंनी ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ सांगितला आणि सासरी कुजबुज सुरू झाली. “आपा, माझ्याच चारित्र्यावर शक!” ती रडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, कुणाकडून, कधी आला, सांगता येत नाही. गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते, चामखिळी वाढतात. बाळाला सहसा धोका नसतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे प्रकार वेगळे. कमी वयातलं लग्न, जास्त बाळंतपणं यांनी तो धोका वाढतो.”

तिचा निकाह सतराव्या वर्षी आम्हीच लावला. हे चौथं बाळंतपण. मग शक कुणावर घ्यायचा?

लस 9 ते 14 वर्षांच्या वयात सर्वांत उपयोगी. माझ्या वर्गातल्या मुली बारा-तेराच्या आहेत. येत्या पालकसभेत मी बोलणार आहे.