उजेडातली चोरी

आमच्या व्यवसायात 'चोरी' ह्या शब्दाशी रोजचाच परिचय. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतले कलम ३७८ आम्ही विद्यार्थिदशेत घोकले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये जाऊन बसले. आकडा बदलला, पण चोरीची लक्षणे तीच राहिली. वस्तू जंगम असावी, दुसऱ्याच्या ताब्यात असावी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक असावा आणि वस्तू जागची हलावी. सॉफ्टबॉलच्या खेळात जिला 'बेस चोरणे' म्हणतात, तिला ह्या कसोट्या लावल्या तर खटला पहिल्याच तारखेला निकालात निघेल. बेस आपल्या जागी घट्ट बसलेला. तो तसूभरही हलत नाही. हलतो तो चोर! आणि तोही भर उजेडात, पंचांच्या डोळ्यांदेखत.

असल्या चोरीचे आपल्या परंपरेला वावडे नाही. गोकुळातल्या लोणीचोराला आपण देव्हाऱ्यात बसविले. 'मृच्छकटिका'तला शर्विलक भिंतीला भगदाड पाडण्यापूर्वी त्याच्या आकाराचा शास्त्रशुद्ध विचार करतो, आणि मोजायची दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवेच मापाला घेतो. त्याच्या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्याची तयारी पाहून कौतुकाचे हसू आल्यावाचून राहत नाही.

आमच्या बुधवाऱ्यात पोरांचा खेळ म्हणजे क्रिकेट. १८८७ साली शिकागोत जन्मलेल्या सॉफ्टबॉलची गोडी आम्हांला लावली ती खानदेशातल्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या भाचीने. ती संघाची कॅचर. दिवाळीत आली असता ओसरीवर चार सुपाऱ्या मांडून तिने आम्हांला सारे मैदान समजावून दिले. दोन बेसमधले अंतर ६० फूट. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकते. चेंडू तिच्या हातातून सुटेपर्यंत धावणारीने बेस सोडायचा नाही; सोडला तर ती बाद.

"मामा, सगळी गंमत ह्या एका नियमात आहे," ती म्हणाली.

ती गंमत अशी. चांगल्या धावणारीला ६० फूट कापायला तीन सेकंदांच्या आगेमागे वेळ लागतो. तेवढ्यात चेंडू कॅचरपर्यंत यायचा, तिने तो उचलून सुमारे ८५ फुटांवरच्या दुसऱ्या बेसवर फेकायचा आणि तिथल्या खेळाडूने तो धावणारीला टेकवायचा. म्हणून कोणता चेंडू टाकायचा हा प्रश्न केवळ फलंदाजापुरता उरत नाही. संथ चेंडू फलंदाजाला फसवतो, पण धावणारीला क्षणाची सवलत देतो. खाली बुडणारा चेंडू मातीत आपटला तर कॅचर तो अडवण्यातच गुंतते. चोरीचा संशय दाट असेल तेव्हा चेंडू मुद्दाम फलंदाजाच्या आवाक्याबाहेर टाकवून घेतात, म्हणजे कॅचरला उभ्यानेच फेकता येते. मात्र चोर जागचा हललाच नाही तर एक चेंडू फुकट जातो. धावणारी हे सारे जाणून असते. ती दोन पावले धावल्याचे सोंग करते आणि परतते. समोरची चळली की पुढल्या खेपेस खरोखर निघते. आट्यापाट्यांत पाटी ओलांडणारा अशीच हूल देई, असे आमचे वडील सांगत.

बळापेक्षा वेळ साधण्याचे मोल बऱ्हाणपूरकरांना निराळे सांगायला नको. आमच्या उशाशी असलेला असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती आला, तो तट फोडून नव्हे.

हे खुणांचे राज्य चालते कॅचरच्या बोटांवर. ती गुडघ्यांआड बोटे दाखवते. पिचर मान डोलावते किंवा नकार देते. आता मात्र पुष्कळ संघांत प्रशिक्षक बाकावरून आकडे सांगतात, खेळाडू मनगटावरच्या पट्टीतला तक्ता पाहतात आणि चेंडू ठरतो. "मग मी नुसती टपालपेटीच की!" भाची म्हणाली. शेजारी बसलेले भावोजी लगेच उद्गारले, "बरोबरच आहे. मोठ्यांना जास्त कळते."

हे उत्तर सॉफ्टबॉलपुरते नव्हते. शेवटच्या वर्षी खेळ बंद करून तिने बँकेच्या परीक्षेला बसावे, असे त्यांनी ठरविले आहे. तिला शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची आहे. ताईने आम्हांला समजूत घालायला सांगितले. कोणाची, ते मात्र सांगितले नाही.

आम्ही दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. प्रशिक्षकाजवळ अनुभव असतो, मागच्या सामन्यांची टिपणे असतात. नवख्या मुलीला त्यांचा आधार हवाच. पण फलंदाजाचा पाय इंचभर पुढे सरकला, पिचरचा श्वास चढला, हे बाकावरून दिसत नाही. न्यायालयातही ज्येष्ठ वकील मागून चिठ्ठी देतात. तरी साक्षीदाराच्या डोळ्यांत पाहून पुढचा प्रश्न विचारायचा असतो तो उभा असलेल्यानेच. शिवाय ह्या खेळातला शहाणपणा हा, की खूण ही आज्ञा नसते. पिचरला मान हलवता येते. त्या नकाराने कॅचरचा अपमान होत नाही. ती दुसरी खूण देते.

भावोजींची चिंता खोटी नाही. खेळाने पोट भरतेच असे नाही. पण २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींचा सॉफ्टबॉलही खेळला गेला. हा मार्ग अगदीच ओसाड राहिलेला नाही. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "निकाल देण्यापूर्वी जागेची पाहणी करावी, असा आमचा दंडक आहे. एकदा तिचा सामना पाहा."

येत्या महिन्यात जाईन, असे त्यांनी कबूल केले आहे. भाचीने आपले म्हणणे मांडून ठेवले आहे आणि आता ती थांबली आहे. वेळेआधी बेस सोडायचा नाही, हे तिला कोणी शिकवायला नको.