पंचगंगेकाठचा सागरदेव

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन आटोपून रंकाळ्याकडे वळणाऱ्या यात्रेकरूस टाऊन हॉलच्या संग्रहालयाची पायरी चढण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. आणि म्हणूनच, एक यवन देव सुमारे दोन सहस्र वर्षे या गावी मुक्कामास आहे, ही वार्ता अद्याप पुष्कळांच्या कानी गेलेली नाही. मेजर मँटने बांधलेल्या त्या वास्तूत एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. १९४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहनकालीन वस्तूंबरोबर ती सापडली. हा पोसायडन, ग्रीकांचा सागराधिपती. त्याच्या हातातला त्रिशूळ मात्र काळाने केव्हाच काढून घेतलेला.

ग्रीक देवांशी आमच्या पिढ्यांचा परिचय झाला तो इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या मध्यस्थीने; त्यामुळे अकिलिसची टाच, पँडोराची पेटी, ट्रॉयचा घोडा ही सारी मंडळी आमच्या अग्रलेखांत नि भाषणांत वावरतात ती साहेबाच्या शिफारसपत्रावर आलेल्या पाहुण्यांसारखी. वस्तुतः तळपायी बाण लागून अवतार संपविणारा श्रीकृष्ण ज्यांच्या घरचा, त्यांना अकिलिसची टाच समजावून सांगण्याची गरज नव्हती. पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीझचे नाटक मराठीत आणताना ‘राजा ओयदिपौस’ असे ग्रीक वळणाचे नाव राखले, तेव्हा मधला दुभाषी जणू बाजूस सरला. ब्रह्मपुरीच्या देवास तर दुभाष्याची गरजच पडली नव्हती. सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांत रोमन व्यापाराचा माल उतरत असे, आणि तेथून तो घाट चढून देशावर येत असे, त्या काळचा हा पाहुणा.

‘ओडिसी’त एक विलक्षण प्रसंग आहे. पोसायडनचा कोप ओढवून घेतलेल्या ओडिसियसला द्रष्टा टायरेसियस सांगतो की, खांद्यावर वल्हे घेऊन समुद्रापासून दूर, आत आत चालत जा. ज्या मुलखात लोकांना समुद्र ठाऊक नाही, जेथे वाटेत भेटलेला वाटसरू त्या वल्ह्यास धान्य उपणण्याचे साधन समजेल, तेथे ते जमिनीत रोव आणि पोसायडनला बली अर्पण कर, म्हणजे तुझा वनवास सरेल. खळ्यावर वाऱ्याकडे तोंड करून भात उपणणाऱ्या आमच्या करवीरच्या कुणब्यास ते वल्हे दिसते, तर त्यानेही हाच समज करून घेतला असता. आणि त्या मूर्तीच्या हाती तेव्हा असलेला त्रिशूळ पाहून, जोतिबाच्या डोंगराकडे बोट करीत, ‘महादेवाचा न्हवं का ह्यो?’ असे म्हटले असते.

कारण हाही समुद्र न पाहिलेलाच मुलूख; येथली पंचगंगासुद्धा घाटापलीकडच्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. जो समुद्र येथून दिसत नाही, त्याचा स्वामी येथे आला आणि राहिला. संदर्भ म्हणून जे जे परदेशी नाव आपल्या लिखाणात येते, त्याचेही सार्थक याच रीतीने होते: त्याचे मूळ आयुध गळून पडावे, आणि आपल्या खळ्यावरच्या माणसाने त्यास आपल्या नावाने ओळखावे.

तेव्हा पुढील खेपेस अकिलिसच्या टाचेची पेशगी उचल घेण्यापूर्वी, लेखकहो, एकदा टाऊन हॉलात जाऊन आपल्या या जुन्या पाहुण्याची विचारपूस करून या.