ड्राइव्हची आवडनिवड

काही माणसांचे पानातल्या सगळ्याच पदार्थांशी जमत नाही. श्रीखंड आले की ती खुलतात आणि कारल्याची भाजी दिसली की त्यांचा हात आखडतो. यंत्रांना असल्या खोडी नसाव्यात, असे आपण धरून चालतो. आमच्या जुन्या संगणकाच्या ड्राइव्हने मात्र गेल्या पावसाळ्यात अशाच एका नाठाळ पाहुण्याचा अवतार घेतला. सिनेमाची डीव्हीडी तो निमूटपणे दाखवी. विकत आणलेली अभंगांची सीडीही वाजवी. पण घरी भरलेली सीडी दिली की मिनिटभर घरघर करी आणि 'तबकडी घाला' असे खुशाल सुचवी!

घरी भरलेल्या या सीड्या म्हणजे काही फुटकळ चीज नव्हे. २००४ साली एम. ए. करीत असताना मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या आणि पाच सीड्यांवर उतरवल्या. कॅसेटी पुढे बुरशीने खाल्ल्या. आत्या २०११ साली गेली. तिचा आवाज उरला तो या पाच तबकड्यांत.

दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह न उघडताच 'नवी घ्या' असा निकाल दिला. पण व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला अपवाद दिसला की त्यामागचा नियम शोधल्यावाचून चैन पडत नाही!

नियम असा निघाला. विकतच्या सीडीवर साच्याने दाबलेले सूक्ष्म खड्डे असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा. त्यावरून लेसरचा प्रकाश ठसठशीत परततो. घरी भरायच्या सीडीत हे खड्डे नसतातच. तिच्यातल्या रंगद्रव्याच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात. तिथून प्रकाश परततो तो जरा मंदच. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचा तर त्याहून मंद. शिवाय डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर लागतो आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. म्हणजे सिनेमा दिसला यावरून सीडीच्या लेसरची प्रकृती कळत नाही. अभंग वाजले, म्हणजे तो जिवंत आहे. पण बहुधा थकला आहे. म्हातारपणी ठळक छापील मजकूर वाचता येतो, पेन्सिलीने लिहिलेले पत्र लागत नाही, तशातलाच हा प्रकार!

मी फुंकणीच्या रबरी फुग्याने भिंगावरची धूळ उडवली. सीड्या मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसल्या. गोल पुसू नये. कारण लेखन गोल वळणानेच चालते. आडवा ओरखडा पडला तर थोडीथोडी अक्षरे जातात आणि चूक-दुरुस्तीचे गणित ती भरून काढते. ओरखडा ओळीबरोबर धावला तर मात्र सारी ओळच जाते. एखादा शब्द पुसलेला असला तर संदर्भाने लावता येतो. ओळच गेल्यावर पंडितही हात टेकतात.

तेवढ्याने दोन सीड्या बोलत्या झाल्या. एका विद्यार्थ्याने आपली बाहेरून जोडायची ड्राइव्ह आणून दिली, तिने आणखी दोन वाचल्या. पाचवी मात्र कुठेच लागेना. उजेडासमोर धरली तर तिच्या मुलाम्याला सुईच्या अग्राएवढी भोके! नाव लिहायची बाजू हीच सीडीची नाजूक बाजू. मुलामा तिथे पातळ लाखेखालीच असतो. तो उडाला की कोणताही लेसर काही करू शकत नाही. त्या सीडीत भावावरच्या ओव्या होत्या. तो भाऊ म्हणजे माझे वडील.

मोडीतल्या दप्तरांचेही असेच आहे. कागद आहेत, शाई आहे. वाचणारे डोळे थोडे. पोथ्या टिकल्या त्या नुसत्या कागदाच्या बळावर नव्हे. दर पिढीत कोणीतरी लहिया बसून नवी प्रत करीत राहिला म्हणून टिकल्या. जपून ठेवणे याचा खरा अर्थ वेळीच उतरून घेणे हाच असावा.

चारही सीड्यांच्या प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. पाचवीतल्या काही ओव्या वडिलांना पाठ आहेत. ते सांगतात आणि मी उतरून घेतो. आवाज तिचा नाही. पण भाऊ बहिणीच्या ओव्या म्हणतो आहे, हेही काही थोडे नव्हे.