न लागलेले कागद

मोडी कागद वाचणे हा माझा व्यवसाय, आणि या व्यवसायात जे काही बरे म्हणून मजपाशी आहे ते माझ्या आजोबांकडून आलेले आहे. वाई तालुक्यातील आमच्या गावचे कुलकर्णीपण पिढ्यान्‌पिढ्या घरात होते. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने नष्ट झाली, दप्तर तलाठ्याच्या स्वाधीन झाले, तरी खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे घेऊन लोक आमच्याच ओसरीवर येत राहिले. कारण कागद घरोघर होते आणि ते वाचणारे मात्र दरसाल कमी होत चालले होते.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जावयाचे, अशी ही लपेटीची पद्धत. पण आजोबांनी मला आधी अक्षरे शिकविली नाहीत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा ही जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनाची गणती त्यांनी पाढ्यांबरोबर पाठ करविली. हे साल सूर्य मृगात शिरताना, जूनच्या ७ तारखेच्या सुमारास, पालटते. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि त्यापुढच्या कागदाला ६०० मिळवावयाचे. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, आणि कागद पौषातला असेल तर इसवी १७६१, पानिपतचे साल, हा हिशेब मी त्यांच्या शेजारी बसून पाटीवर केलेला आहे. पेरणीपासून वर्ष मोजणाऱ्या त्या रीतीवर त्यांचे मनापासून प्रेम होते.

त्यांचे व्यवहारज्ञान असे कागदातूनच उगवलेले होते. रोख्यात रक्कम लिहिली की तिचे निमेही लिहावयाचे, कारण पुढे एखादे शून्य कोणी वाढविलेच तर निमे त्याची साक्ष देईल; ओळीअखेर जागा उरली तर तेथे रेघ ओढावयाची; आणि तिन्हीसांजेला कोणत्याही कागदावर सही करावयाची नाही, मग समोर सख्खा मेहुणा का बसलेला असेना. या शेवटच्या नियमामागे शुभाशुभाचा विचार नव्हता. त्या वेळी उजेड कमी असतो आणि प्रत्येकाला घरी जाण्याची घाई असते, एवढेच त्याचे कारण ते सांगत.

एकदा दोघे भाऊ वाटणीपत्र घेऊन आले. थोरला बसता बसताच विहिरीच्या पाण्याची पाळी सांगू लागला, तेव्हा आजोबांनी हात वर केला आणि ते म्हणाले, “दादा, आधी कागद बोलू दे, मग तुम्ही बोला.” आजीने दोघांना गूळपाणी दिले. मग आजोबांनी माथ्यावरच्या ‘श्री’पासून एकेक ओळ मोठ्याने वाचली, आणि घडीवर कागद जेथे विरला होता तेथे आवाजात तिळमात्र फरक न करता ते म्हणाले, “येथे फाटले आहे,” आणि पुढे गेले. विहिरीचा मजकूर नेमका त्या घडीत होता. धाकटा काकुळतीला येऊन म्हणाला, “आप्पा, अंदाजाने तरी सांगा.” त्यांनी सांगितले नाही. गावातल्या निम्म्या विहिरींच्या पाळ्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि तरीही त्यांनी सांगितले नाही, हे मला तेव्हा कठोरपणाचे वाटले होते. आज ते मला त्यांच्या साऱ्या विद्येचे सार वाटते. त्या भावांनी पुढे पाच पंच बसवून पाळी नव्याने ठरविली आणि तो कागद आजोबांनीच लिहिला.

२०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि गाव नमुना १४ च्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींच्या, जीर्ण वह्या घेऊन माणसे माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा ती घडी मला वारंवार आठवली. एका अक्षरावर मुलाचा जातीचा दाखला अवलंबून असतो. बाप समोर बसून माझ्या ओठांकडे पाहत असतो. जे अक्षर लागत नाही तेथे मी टिंबे देतो. ती देताना हात जड होतो, हे खरे आहे.

आजोबांनी न लागलेल्या कागदांचा एक निराळा रुमाल बांधून ठेवला होता. वेखंडाच्या तुकड्यांसह ठेवलेल्या त्या प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी होती आणि कोणत्या ओळीत काय अडले ते तिच्यावर लिहिलेले होते. त्याच कारकुनाच्या हातचे दुसरे कागद पुढे मिळाले, त्याच्या वळणाची ओळख पटली, तसे त्यांतील काही मला लागले आणि त्यांच्या चिठ्ठीखाली मी माझे वाचन तारखेसह लिहीत गेलो. एका कागदात मात्र जमिनीच्या चतुःसीमेतील एक नाव आम्हा दोघांनाही अडले होते. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने ते पाहताक्षणी वाचले, कारण ती त्याच खोऱ्यातली आहे आणि त्या नावाच्या ओढ्याकाठी तिच्या मामाचे शेत आहे.