घाम आला की संपलास

वळ गावच्या ज्या गोडाऊनमध्ये मी काम करतो ते थंड आहे. आत उणे 18, बाहेर मे महिन्याचं ऊन. पहिल्या आठवड्यात मी जॅकेटखाली दोन स्वेटर कोंबले आणि तरी कुडकुडलो. जुन्या जोडीदाराने एक स्वेटर उतरवायला लावला. "कपडा सैल पाहिजे, आत हवा राहायला हवी. आणि घाम आला की संपलास!" त्याचं म्हणणं खरं होतं. एकदा ओला हातमोजा तसाच चढवला, तर बोटं तासभर बधिर.

पुढे लेकीला राणीच्या बागेत नेलं. अंजूरफाट्यावरून ठाणे, मग लोकलने भायखळा. 2016 साली दक्षिण कोरियाहून इथे हम्बोल्ट पेंग्विन आणले. काचेपलीकडे एकजण शेपटीच्या मुळाशी चोच घासत होता.

"पप्पा, त्याला खाज सुटलीय?"

मलाही तेच वाटलं होतं. नंतर वाचलं, तिथे तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीने पिसांना फासायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आखूड, ताठ पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली, आणि त्यांच्या बुडाशी मऊ लव हवा धरून ठेवते. जोडीदाराचंच शास्त्र की!

पायांचं मात्र मला नवल वाटलं. थंड गोडाऊनमध्ये आधी पावलंच जातात. पेंग्विनच्या पायात खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊन टाकतं. पावलं गारच राहतात, पण अंगातली ऊब तिथून गळत नाही. हाडंही उडणाऱ्या पक्ष्यांसारखी पोकळ नाहीत, भरीव. बुडी मारायला वजन हवं ना.

वर्षातून एकदा सगळी पिसं झडतात. नवी येईपर्यंत समुद्रात उतरायचं नाही, म्हणजे खाणंही बंद. लेक म्हणाली, "तुमचं जॅकेट धुवायला टाकल्यासारखं!"

पण हे पेंग्विन बर्फातले नाहीतच. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, पाणी गार, जमिनीवर रणरणतं ऊन. तिथे एवढी ऊब अंगाशी येते. म्हणून चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी उघडी ठेवलेली, उष्णता बाहेर टाकायला.

सोमवारी शिफ्ट सुटली, दार सरकलं, वळचं ऊन तोंडावर आदळलं. हात आपसूक जॅकेटच्या चेनकडे गेला.